पुढचा टायर

दादा अंगणात गाडीपाशी उकिडवा बसून मागच्या टायरात अंगठ्याचं नख रुतवून बघत होता. नख रुतत नव्हतं. मी दोरीवर धुणं वाळत घालत होते.

"इंदू, आज दुपारी क्लास आहे का तुझा?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"गुरुवारी कुठं असतो? का रे?"

"मुजावरकडे जाऊन येऊ म्हणतो. टायर बघायला. येतेस?"

हातातला टॉवेल तसाच धरून मी उभी राहिले. गाडीच्या बाबतीत दादानं मला आजवर काही विचारलेलं नव्हतं. ऑइल कधी बदलायचं, प्लग कधी साफ करायचा, हे तो आणि त्याची गाडी दोघं मिळून ठरवायचे. मी फक्त मागं बसणारी.

ही दोन हजार चारच्या जानेवारीतली गोष्ट. दादा, म्हणजे अच्युत वेल्हाळ, वीज मंडळातून नुकताच रिटायर झाला होता. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. कराडात शनिवार पेठेत दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात आम्ही दोघंच राहायचो. आईवडील कधीच गेले होते. त्यानं लग्न केलं नव्हतं आणि माझं झालं होतं ते टिकलं नव्हतं. मी घरी शिवणाचे क्लास घ्यायची. सकाळी मुली यायच्या, मशिनी खडखडायच्या, त्या गेल्या की घर एकदम गप्प व्हायचं. संध्याकाळी दादा भाजी घेऊन यायचा. रेडिओवरच्या बातम्या ऐकत आम्ही जेवायचो. बोलणं फारसं व्हायचं नाही. पण समोर ताट असायचं आणि ताटावर माणूस असायचं. आपल्याला काही कमी आहे असं मला कधी वाटलं नाही.

गाडी काळी येझदी होती, जुन्या पद्धतीची, बुटक्या सोळा इंची चाकांची. ती नवी असताना याच गाडीवर दादा मला विट्याहून, माझ्या सासरहून घेऊन आला होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिथं काय झालं ते सांगत बसत नाही. कुणाकडून तरी दादाला कळलं आणि भर दुपारी तो दारात येऊन उभा राहिला. घरातल्यांशी एक शब्द बोलला नाही. मला म्हणाला, "बस." मी एका कापडी पिशवीनिशी मागं बसले. कराड येईपर्यंत त्यानं मला काही विचारलं नाही, आणि नंतरही कधी नाही.

तर त्या गुरुवारी आम्ही मुजावरकडे गेलो. कृष्णा नाक्याच्या अलीकडे त्याचं टायरचं दुकान होतं. हुसेन मुजावर दादाच्याच वयाचा, पोटाशी रबराचा काळा एप्रन बांधलेला, बोलायला मोकळा. त्यानं मला बसायला स्टूल पुढं केलं आणि गाडीभोवती एक चक्कर मारली.

"मागच्याला तर पार टक्कल पडलंय, वेल्हाळसाहेब," तो म्हणाला. "कुठं कुठं फिरवता गाडी?"

"गावातल्या गावात."

"मग कुठलाही चालंल की. रिमोल्ड करून देऊ?"

रिमोल्ड म्हणजे जुन्याच टायरवर नवं रबर चढवायचं. दादानं मागच्या चाकावरून हात फिरवला. मग म्हणाला, "घाटात चालेल का रिमोल्ड?"

"कुठल्या घाटात?"

"कुंभार्लीच्या."

मुजावरनं मान हलवली. कुंभार्लीचा घाट कराडहून चिपळूणला उतरणारा. तिथली वळणं आणि उतार बघता रिमोल्डचं नावच काढू नका, असं त्यानं सांगितलं. ब्रेक मारून मारून चाक तापतं आणि वरचं रबर सुटायला लागतं. मग त्यानं विचारलं, "एकटेच जाणार, का डबल सीट?"

दादा चाकाकडे बघत राहिला. "डबल," तो म्हणाला.

मला हसू आलं. ते दिसू नये म्हणून मी रस्त्याकडे बघितलं. दोन-तीन वर्षांपूर्वी मी त्याला कधीतरी म्हणाले होते की मी अजून समुद्र पाहिलेला नाही. तेव्हा तो नुसता हुं म्हणाला होता. आता रिटायर झाल्यावर त्याच्या ते लक्षात आलं असणार, असं मला वाटलं. टायर बघायला मला कशाला बरोबर घेतलं तेही त्यातच आलं. घाटातनं चिपळूण, तिथून गुहागर. कुठली साडी नेसायची इथपर्यंत मी त्या स्टुलावर बसल्या बसल्या जाऊन पोचले.

मुजावरनं आतून एक नवा टायर आणला. मागच्या चाकाचा होता, ठोकळ्या ठोकळ्यांच्या नक्षीचा. मी विचारलं म्हणून त्यानं मला टायरच्या कडेला बारीक उठवलेले चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायर कधी तयार झाला ते त्यावरून कळतं. दोन हजार सालाच्या आधीच्या मालावर तीनच आकडे असायचे.

"तीन आकडे दिसले की समजायचं, कागदात गुंडाळलेलं म्हातारं आहे," तो म्हणाला. "रबर नुसतं बसून बसूनही कडक होतं, ताई. चालवा नाहीतर ठेवा, वय वाढतंच."

मागचा टायर लगेच बसवायला घेतला. मग तो पुढच्या चाकाकडे वळला आणि त्यानं अंगठ्यानं टायरची कड दाबली. बारीक बारीक चिरा उघडल्या, उन्हाळ्यातल्या टाचेसारख्या.

"हा पण गेलाय, साहेब."

"पुढचा राहू दे," दादा म्हणाला.

"घाट म्हणताय आणि राहू दे म्हणताय? मागचा घसरला तर माणूस सावरतो. पुढचा घसरला तर सावरायला वेळच मिळत नाही."

पण पुढचा टायर त्याच्याकडे होता तो जुना, कागदात गुंडाळलेला. दाखवायला म्हणून त्यानं तो काढला. आकडे तीनच होते. त्या मापाचे टायर आता कुणी मागत नाही, म्हणून दुकानदारही ठेवत नाहीत. कोल्हापूरहून मागवायचा तर मंगळवारच्या गाडीनं येईल, असं तो म्हणाला. दादा म्हणाला, रविवारी निघायचंच आहे.

"अरे मग पुढच्या रविवारी जाऊ," मी म्हणाले. "समुद्र कुठं पळून जातोय?"

दादानं माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला नीट कळलं नाही. मुजावरनंही एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि तो चाकाच्या नटांकडे वळला.

घरी जाताना दादानं गाडी प्रीतिसंगमाकडे वळवली. कृष्णा आणि कोयना जिथं मिळतात तिथं घाटाच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो. ऊन कलतं होतं. पलीकडच्या वाळवंटात कुणीतरी म्हशी धूत होतं. दादानं चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला.

"इंदू, मी चिपळूणला राहायला जायचं म्हणतोय," तो म्हणाला.

मला आधी वाटलं, कुठली तरी नोकरी धरली असेल. रिटायर झालेली माणसं धरतात. मग त्यानं सगळं सांगितलं, सावकाश, मध्ये मध्ये थांबत. तरुणपणी तो घाटाखाली पोफळीच्या वीजघरात होता. शनिवार-रविवारी घरी यायचा. तिथं एकदा त्याला शॉक बसून हात भाजला होता. ते मला माहीत होतं, खूण होतीच मनगटापासून कोपरापर्यंत. वसाहतीतल्या दवाखान्यात नलिनी बुटाला नावाची परिचारिका त्याचं ड्रेसिंग करायची. हात बरा झाला तरी तो तिथं जात राहिला. एके दिवशी तिनंच लग्नाचं विचारलं. तो म्हणाला, जमणार नाही. कारण सांगितलं नाही. पुढं त्यानं कराडला बदली मागून घेतली.

तिनं दुसरीकडे कुठं लग्न जमवलं नाही. वर्षा-दोन वर्षांतून कधीतरी जुन्या मंडळींना भेटायला म्हणून दादा पोफळीला जायचा, तेव्हा तिची भेट व्हायची, चहा व्हायचा. आता तीही रिटायर झाली होती आणि चिपळूणजवळ खेर्डीला स्वतःच्या घरात राहत होती. आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे तिला घर सोडता येत नव्हतं. या रविवारी तिचे थोरले भाऊ मुंबईहून यायचे होते. दादानं त्यांना भेटायचं ठरलं होतं.

"तेव्हा तिला 'नाही' का म्हणालास?" मी विचारलं.

तो पाण्याकडे बघत होता. "तू तेव्हा कुठं जरा हसायला लागली होतीस," तो म्हणाला.

मी हसायला लागले होते हे त्यानं पाहून ठेवलं होतं आणि मला माहीतही नव्हतं.

"मग मुजावरला डबल सीट का सांगितलंस?" मी विचारलं.

"तिला घेऊन तुझ्याकडे येत जाईन ना मधून मधून. आईजवळ कुणाला तरी बसवून."

तुझ्याकडे. घरी नाही म्हणाला. त्याच्या ते लक्षातही आलं नसेल. इतकी वर्षं आम्ही दोघं 'घरी' म्हणत होतो, आणि दादा मनानं कधीच उंबरा ओलांडून बाहेर गेला होता. आता त्या घरात मी होते, आणि तो पाहुणा म्हणून येणार होता.

"हे बघ," तो म्हणाला, "तू नको म्हणालीस तर मी उद्याच तसं कळवतो. तो विषय परत निघणार नाही. मला वाईट वाटेल असंही समजू नकोस."

मला भीती वाटली ती या बोलण्याची. दादा खोटं बोलत नव्हता. मी नको म्हटलं असतं तर तो खरोखरच पोस्टात जाऊन फोन करून आला असता, येताना भाजी आणली असती, आणि मरेपर्यंत एका अक्षरानं मला बोलून दाखवलं नसतं.

त्या संध्याकाळी रेडिओ लावायचं कुणालाच सुचलं नाही. जेवताना मी त्याच्या ताटाकडे बघत होते. तो भात आधी खायचा आणि पोळी नंतर. लहानपणापासूनची खोड. माझ्याशिवाय हे कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं, आणि आता दुसऱ्या कुणाला तरी माहीत होणार होतं.

शुक्रवारी मी मुलींना ब्लाउजची बाही जोडायला शिकवत होते. दोनदा उलटी बाही जोडली. मुली एकमेकींकडे बघून हसल्या. त्या गेल्यावर मी मशीनवर तशीच बसून राहिले. एकटीनं राहायला मी घाबरत होते असं नाही. कडी लावायची आणि झोपायचं, त्यात काय. पण बाहेरून आल्यावर 'आलीस का' असं कुणी विचारणार नाही, हे काही केल्या डोक्यातून जाईना. आमच्यात तेवढंच बोलणं होतं. तेवढंच मोजून बोलायचो आम्ही, आणि तेच जाणार होतं.

दादा दिवसभर गाडी पुसत होता. पुढच्या चाकाशी आला की त्याचा हात थांबायचा. मग तो पुन्हा टाकी पुसायला घ्यायचा. तो त्याच टायरवर जाणार हे मला दिसत होतं. बसनं जा असं म्हणून बघितलं. तो म्हणाला, एवढं केलंय तर गाडीवरनंच जाईन. कोणत्याही हट्टाला हट्ट न म्हणणाऱ्या माणसाचा तो एकुलता एक हट्ट असावा. तरुणपणी तो तिच्या दारात ज्या गाडीवरून जायचा, त्याच गाडीवरून त्याला आता जायचं होतं. हे तो बोलला नाही. पण आता मला त्याच्या न बोलण्यातलं थोडं कळायला लागलं होतं.

शनिवारी सकाळी मी क्लासला सुट्टी दिली. दादाला सांगितलं, दोरे-बटणं आणायला कोल्हापूरला जाऊन येते. आधी मुजावरकडे गेले आणि पुढचा टायर कसा बघायचा ते विचारून घेतलं. तो म्हणाला, पुढच्याला ठोकळे नकोत, चाकाच्या फिरण्याबरोबर जाणाऱ्या सरळ लांब रेषा पाहिजेत, म्हणजे वळणावर चाक वाट सोडत नाही. आकडे बघा, चार पाहिजेत. नख रुतवून बघा. आणि शाहूपुरीतल्या एका दुकानाची खूण सांगितली. मग म्हणाला, "साहेबांना माहिताय?"

"नाही," मी म्हणाले.

त्यानं एक सुतळीचा तुकडा दिला. म्हणाला, टायर बांधून हातात धरायला बरं पडेल.

एकटी मी कोल्हापूरला त्याआधी कधी गेले नव्हते. सिझनला मुलींबरोबर कापड आणायला जायचे तेवढंच. बसमध्ये खिडकीशी बसले होते आणि आपण काय करायला निघालोय हे माझं मला अजून नीट ठरलेलं नव्हतं. टायर मिळाला नाही तर तो जाणार नाही, असं एकदा मनात आलं. लगेच दुसरं आलं, की टायर मिळाला नाही तरी तो जाईल. त्यापुढं मी विचार केला नाही.

दुकानदार मध्यमवयीन, अगदी सभ्य माणूस होता. बाई येऊन येझदीचा पुढचा टायर मागते म्हटल्यावर त्यानं माझ्या मागं कुणी आहे का ते बघितलं. मग माळ्यावरून एक टायर काढला, वरचा पिवळा कागद झटकून. मी तो उजेडाकडे फिरवला आणि आकडे शोधले. तीन होते.

"याच्यानंतरचा पाहिजे," मी म्हणाले.

त्याच मापात ठोकळ्यांच्या नक्षीचा नवा होता. तो मी नको म्हटला. मग त्यानं कुणालातरी फोन केला, मला चहा पाजला, आणि गोदामातून एक टायर मागवून घेतला. चार आकडे. लांब रेषा. मी नख रुतवलं. रुतलं, आणि काढल्यावर खूण हळूहळू भरून आली. मी पुन्हा रुतवून बघितलं. दुकानदार म्हणाला, "बाई, चांगला आहे तो." मी म्हणाले, "हो. घाटात जायचाय."

परत येताना बसमध्ये तो पायाशी मावेना, म्हणून मांडीवर घेतला. साडीला काळं लागलं. नव्या रबराचा उग्र वास येत होता. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईनं विचारलं, मुलाच्या गाडीचा का? मी भावाच्या म्हणाले. ती म्हणाली, असावा बाई भाऊ. मी मान हलवली आणि खिडकीकडे तोंड केलं. पेठनाका येईपर्यंत मी काही मागं वळून बघितलं नाही.

घरी आले तेव्हा दादा ओट्यावर पेपर वाचत बसला होता. "आलीस का?" तो म्हणाला आणि मग त्याला माझ्या हातातलं दिसलं. मी टायर चौकटीला टेकवून ठेवला.

"हा कुठून?"

"कोल्हापूरहून. मुजावर दुकान बंद करायच्या आत जाऊन बसवून ये."

तो उठून टायरपाशी आला. वाकून बोटानं आकडे चाचपले. ते वाचायला एवढा वेळ लागत नाही, पण तो वाकलेलाच राहिला.

"पुढचाही बदल," मी म्हणाले. "आणि उद्या मी पण येते. मला बघायचंय तिला."

तो मोरीत गेला. बराच वेळ तोंड धूत होता. मी चहा टाकला.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मुजावरनं बजावलं होतं की नवा टायर पहिल्यांदा थोडा घसरतो, वरचं रबर जरा घासलं जाईपर्यंत सावकाश जा. दादा पाटणपर्यंत अगदी सायकलीसारखा गेला. कोयनानगर सोडल्यावर थंडी वाढली. घाटाच्या तोंडाशी दरीत धुकं साठलेलं होतं आणि वरून ऊन पडलं होतं. मी त्याच्या खांद्याला धरलं. उतारावर पहिल्या वळणाला गाडी कलली तेव्हा माझं लक्ष पुढच्या चाकाकडे होतं. चाक वाट धरून गेलं. दुसऱ्या वळणालाही. तिसऱ्यानंतर मी बघायचं सोडून दिलं.

घाट संपता संपता दादा काहीतरी बोलला. वाऱ्यात ऐकू आलं नाही. मी कान पुढं नेला.

"घाबरली नाहीस ना?" तो विचारत होता.

"नाही," मी म्हणाले. तो गाडीबद्दल विचारत होता असं मला वाटत नाही, आणि माझं उत्तरही खरं नव्हतं.

खेर्डीचं घर कौलारू, छोटं, दाराशी अबोलीची रोपं. नलिनी बाहेर आली ती पदराला हात पुसत. केस बरेच पिकलेले, चष्मा, अंगानं किरकोळ. फोटोत बघितली असती तर मी दुसऱ्यांदा बघितलं नसतं. तिनं आधी दादाकडे नाही, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "या इंदूताई," आणि दारातून बाजूला झाली.

तिचे भाऊ वसंतराव वजनदार गृहस्थ होते. त्यांनी दादाला तब्येतीचं, पेन्शनचं विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले की या वयात लोक नावं ठेवतात, आमच्याकडेही ठेवतील, पण तुमच्या घरचं दुसरं कुणी नाही म्हणून तुम्हालाच विचारतो, तुमची हरकत नाही ना. सगळे माझ्याकडे बघत होते. आतल्या खोलीतून म्हातारीचा खोकला ऐकू येत होता.

"हरकत असती तर मी आले नसते," मी म्हणाले.

मग मी स्वयंपाकघरात गेले. नलिनी नारळ खवत होती. मी कोथिंबीर निवडायला घेतली. थोड्या वेळानं ती हात न थांबवता म्हणाली, "मी तुमच्यावर खूप वर्षं रागावले होते. तुम्हाला बघितलं नव्हतं तरी."

"त्यानं सांगितलं होतं का माझ्याबद्दल?"

"एक अक्षर नाही. वसाहतीतल्या लोकांकडून कळलं, की बहीण परत आलीय. मग मला समजलं." तिनं नारळाची वाटी फिरवून घेतली. "समजलं तरी राग जात नाही लगेच."

"आता?"

तिनं खवलेलं खोबरं ताटलीत ओढलं. "काल यांचा फोन आला होता," ती म्हणाली. "म्हणाले, इंदूनं टायर आणलाय. बाकी काही बोलले नाहीत. मी फोन ठेवला आणि आईजवळ जाऊन रडले."

जेवताना दादानं भात आधी घेतला. तिनं न विचारता त्याच्या ताटात पोळी नंतर वाढली.

फाल्गुनात चिपळूणच्या रजिस्ट्रार ऑफिसात लग्न झालं. मी साक्षीदार म्हणून सही केली. संध्याकाळच्या एस्टीनं मी एकटी परत निघाले. दोघं स्टँडवर सोडायला आली. दोघांचाही आग्रह होता की मीही तिथंच राहावं, खोली आहे. मी क्लासचं कारण सांगितलं. गाडी सुटताना नलिनी खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "पोचल्यावर शेजारून फोन करा हं, वन्सं." मला पन्नाशीच्या उंबऱ्यावर पहिल्यांदा कुणी वन्सं म्हटलं. मी हो म्हणायच्या आत गाडी हलली.

पुढची वर्षं दादा कबूल केल्याप्रमाणे येत राहिला. तिला मागं बसवून, डबल सीट, दिवाळीला, भाऊबीजेला आणि मधून मधून उगाचच. ते आले की मी त्यांना पाहुण्यांच्या कपांत चहा द्यायची. एकदा तो म्हणाला, अगं मला माझा नेहमीचा पेला दे ना. मी दिला. पण त्याला तो कुठल्या फडताळात असतो ते आता आठवत नव्हतं. तो सुखात होता. अंगानं भरला होता, बडबडायला लागला होता. त्याच्या तोंडून एवढे शब्द निघू शकतात हे मला ठाऊकच नव्हतं, आणि मी ते ऐकत बसायची.

तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. झोपेतच गेला. तिची आई त्याच्याही आधी गेली होती. तेराव्यानंतर मी तिला म्हटलं, कराडला चला माझ्याकडे. तिनं मला म्हटलं, वन्सं, तुम्हीच इकडे या. दोघींनीही बघू म्हटलं आणि दोघीही आपापल्या घरी राहिलो. घर सुटत नाही. का ते सांगता येत नाही.

ती घाटाखाली, मी घाटावर. आता मोबाईल आहे. रोज संध्याकाळी सातच्या बातम्या संपल्या की तिचा फोन येतो. काय केलं होतं जेवायला, गुडघे कसे आहेत, पाऊस आहे का तिकडं. पाच मिनिटांत बोलणं संपतं. मग दोघीही फोन ठेवत नाही. तिच्याकडचा पंखा मला ऐकू येतो, माझ्याकडची रहदारी तिला ऐकू येत असेल. असा थोडा वेळ जातो. मग कुणीतरी एक म्हणतं, बरं, ठेवू का? आणि दुसरी म्हणते, ठेवा.